रक्त दिसलं म्हणजे पाळीच आली असं धरू नका, आधी तारखा कागदावर मांडा

प्रश्न मोठा आहे, आधी थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही उत्तर कळेल. मुलगी २३ वर्षांची, पुण्यात नोकरी करते, पीजीत राहते, लग्न झालेलं नाही. पाळी २८ ते ३४ दिवसांनी येते. शेवटची नेहमीसारखी पाळी ३ जूनला आली. १६ जूनला संबंध आले, कंडोम फाटला, दुसऱ्या दिवशी सकाळी मेडिकलमधून ७२ तासांवाली गोळी आणून घेतली. २३ जूनला रक्त गेलं, तीन दिवस, नेहमीपेक्षा कमी आणि जरा चॉकलेटी रंगाचं. तिला वाटलं पाळी आली, सुटले. तरी खात्री म्हणून २५ जूनला टेस्ट केली, मग २ जुलैला परत केली, दोन्ही निगेटिव्ह. आज १२ जुलै, पाळीचा पत्ता नाही, ओटीपोटात मधूनमधून दुखतंय, छाती जड वाटतेय, झोप लागत नाही. आणि अगदी शेवटी एका ओळीत लिहिलंय की २७ जूनला परत संबंध आले, कंडोम नव्हता, पाळी नुकतीच संपली होती म्हणून सेफ दिवस वाटले. तिचा प्रश्न एवढाच, मी प्रेग्नंट आहे का, घरी काय सांगू.

तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस. गेली पंचवीस वर्षं स्त्रीरोगाची ओपीडी करतेय आणि हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी समोर येतोच, कधी कॉलेजातली मुलगी असते, कधी दोन मुलांची आई, कधी चव्वेचाळीस वर्षांची बाई जिला वाटतं आता पाळी जायची वेळ झाली. सगळ्यांची चूक एकच असते, त्या रक्तावरून ठरवतात. रक्त आलं की वाटतं नाहीये, रक्त आलं नाही की वाटतं आहे. रक्तावरून हे ठरत नाही गं, तारखांवरून आणि टेस्टवरून ठरतं. म्हणून कागद घे आणि तारखा एकाखाली एक लिही, मी पण इथे तेच करतेय.

आधी १६ जूनचं बघू. तुझ्या पाळीचा तो चौदावा दिवस. अंडं बाहेर पडतं ते पुढची पाळी यायच्या साधारण चौदा दिवस आधी, मागच्या पाळीनंतर चौदा दिवसांनी नाही, हा फरक बऱ्याच जणींना कोणी सांगितलेलाच नसतो. म्हणजे २८ दिवसांचं चक्र असेल तर चौदाव्या दिवसाच्या आसपास, ३४ दिवसांचं असेल तर विसाव्या दिवसाच्या आसपास. पुरुषाचे शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात आणि अंडं मात्र जेमतेम १२ ते २४ तास. म्हणजे १६ तारीख तुझ्यासाठी धोक्याचीच होती आणि तू गोळी घेतलीस ते अगदी बरोबर केलंस, त्याबद्दल मनात काही ठेवू नकोस.

आता ती गोळी काय करते हे नीट समजून घे कारण सगळा घोळ इथेच झालाय. त्यात लिव्होनॉरजेस्ट्रेल दीड मिलिग्रॅम असतं. ती गर्भ पाडत नाही, ती अंडं बाहेर पडणं पुढे ढकलते. अंडं अजून सुटायचं असेल तर ते काही दिवस थांबतं, तोवर शुक्राणू संपतात, आणि दिवस राहत नाहीत. अंडं आधीच सुटलेलं असेल किंवा सुटायच्या अगदी बेतात असेल तर तिचा फार उपयोग होत नाही, म्हणूनच ७२ तास लिहिलेले असले तरी जितकी लवकर घ्याल तितकं बरं असं आम्ही सांगतो. टीबीची रिफाम्पिसिनवाली औषधं किंवा फिट्सच्या काही गोळ्या चालू असतील तर तिचा जोर कमी पडतो, हे मेडिकलवाला विचारत नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

एवढा हार्मोनचा डोस एकदम अंगात गेला आणि मग उतरला की गर्भाशयाच्या आतलं अस्तर थोडं सुटतं आणि आठवड्याभरात थोडं रक्त जातं. तुझं २३ जूनचं रक्त बहुतेक तेच होतं. सहा दिवसांनी आलं, कमी आलं, चॉकलेटी आलं, सगळं त्यात बसतं. ती पाळी नव्हती! पाळी म्हणजे अंडं सुटलं, गर्भ राहिला नाही, मग चौदा-एक दिवसांनी अस्तर पडलं, तो सगळा फेरा पूर्ण झाला की जे येतं ते. इथे फेरा पूर्ण झालाच नव्हता, उलट गोळीने अंडं अडवून ठेवलेलं असायची शक्यता आहे.

म्हणूनच तुझ्या पत्रातली जी ओळ तू सगळ्यात शेवटी घाईत लिहिलीस तीच माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. २३ ला रक्त आलं, २५ ला थांबलं, तू ती पाळी धरलीस आणि २७ जून सेफ मोजलास. पण गोळीने पुढे ढकललेलं अंडं नेमकं त्याच दिवसांत सुटू शकतं. त्यामुळे २७ जून सेफ नव्हता, कदाचित १६ पेक्षाही जास्त धोक्याचा होता, आणि त्या वेळेस गोळीही घेतली नाहीस कारण गरजच वाटली नाही. गोळीच्या पाकिटात त्याबद्दल असतं लिहिलेलं, त्याच महिन्यात पुढच्या संबंधांना ही गोळी संरक्षण देत नाही म्हणून, पण इतकं बारीक अक्षर कोण वाचतं आणि घाबरलेल्या माणसाला वाचून तरी काय कळतं. तुला कोणी सांगायला हवं होतं, कोणी सांगितलं नाही. घाबरवायला लिहीत नाहीये, पण हे सोडून उत्तर दिलं असतं तर ते खोटं झालं असतं.

आता टेस्टचं. गर्भ राहिला तरी तो लगेच गर्भाशयाला चिकटत नाही, अंडं सुटल्यापासून सहा ते बारा दिवस लागतात, आणि चिकटल्यावरच एचसीजी नावाचं हार्मोन बनायला लागतं, जे ती पट्टी लघवीत शोधते. सुरुवातीला ते साधारण दर दोन दिवसांनी दुप्पट होत जातं. त्यामुळे २५ जूनची तुझी टेस्ट, म्हणजे १६ नंतर नवव्या दिवशीची, तिला काही अर्थच नव्हता, तेव्हा दिवस गेलेले असते तरी बहुतेक निगेटिव्हच आली असती. २ जुलैची सोळाव्या दिवशीची, ती बऱ्यापैकी दिलासा देणारी आहे पण पक्की नाही. पक्की कधी, तर संबंध आल्यापासून २१ दिवसांनी. १६ जून अधिक २१ म्हणजे ७ जुलै. ती तारीख होऊन गेलीय, म्हणून उद्या सकाळी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तर १६ जूनची काळजी कायमची सोडून दे.

२७ जून अधिक २१ म्हणजे १८ जुलै. म्हणून उद्या एक कर आणि १८ ला सकाळी दुसरी कर. दोन्ही निगेटिव्ह आणि मध्ये परत असुरक्षित संबंध नाहीत, तर तू प्रेग्नंट नाहीस, मग पाळी येवो न येवो. रोज उठून टेस्ट करू नकोस, मुली आठ-आठ दहा-दहा कार्ड घेऊन येतात माझ्याकडे, पैसेही जातात आणि जीवही. एक कार्ड शंभर रुपयांच्या आत मिळतं, आणि गावाकडे असशील तर आशाताईंकडे निश्चय नावाचं सरकारी किट फुकट असतं.

कार्ड वापरायची रीत पण सांगते कारण त्यात खूप चुका होतात. सकाळची पहिली लघवी, रात्री घटाघटा पाणी पिऊन नको. एक्स्पायरी बघ. पाकिटावर सांगितलेत तितकेच थेंब टाक, कार्ड ओतून बुडवू नकोस. मोबाईलवर पाच मिनिटं लाव आणि तेव्हाच वाच. सी समोर रेष आलीच पाहिजे, नाही आली तर कार्ड वाया गेलं, दुसरं घे. टी समोर वेळेत फिकट गुलाबी रेष जरी दिसली तरी ती पॉझिटिव्ह, फिकट म्हणजे अर्धी प्रेग्नंट असं काही नसतं. पण तेच कार्ड कचऱ्यातून अर्ध्या तासाने काढून परत बघितलं आणि राखाडी रेष दिसली तर ती धरायची नाही, ते वाळल्यावर उमटतं. शंका असली की दोन दिवसांनी परत, किंवा लॅबमध्ये रक्ताची बीटा एचसीजी, ती जास्त लवकर आणि जास्त नेमकं सांगते.

मग छाती जड आणि ओटीपोटात दुखणं कशाचं. पाळीच्या आधीही हेच होतं, दिवस गेल्यावरही हेच होतं आणि गोळीनेही हेच होतं, लक्षणांवरून मला पंचवीस वर्षांनीही ओळखता येत नाही तर तुला आरशात बघून कसं ओळखता येईल. शिवाय हिशेब कर, गोळीमुळे अंडं समजा २७ जूनच्या आसपास सुटलं असेल तर पाळी चौदा दिवसांनी, म्हणजे ११-१२ जुलैच्या सुमारास येणार. म्हणजे तू ज्याला पाळी चुकली म्हणतेयस ती कदाचित वेळेवरच आहे, तिची वेळ सरकलीय. गोळीनंतरची पाळी आठवडाभर मागेपुढे होणं नेहमीचं आहे.

इम्प्लांटेशनचं रक्त हा शब्द हल्ली प्रत्येकीच्या तोंडी असतो. गर्भ चिकटताना काही जणींना एखाद-दोन दिवस डाग दिसतात, होतं असं, पण बहुतेक जणींना काहीच दिसत नाही, आणि त्याचा रंग बघून हे तेच असं कोणी सांगू शकत नाही. त्या शोधात रात्र घालवू नकोस.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं म्हणजे एवढं लिहितेय ती. बरीच वर्षं झाली, एक बाई आली होती, तिशीतली, दोन मुलं, कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. आठ दिवस थेंब थेंब अंगावरून जात होतं, पाळी जरा उशिरा आली होती म्हणून ती लांबलेली पाळीच वाटली, कुठून तरी रक्त थांबवायच्या गोळ्या आणून खाल्ल्या. ऑपरेशन झालंय म्हटल्यावर दिवस गेले असतील हे ना तिच्या डोक्यात आलं ना गोळ्या देणाऱ्याच्या. नवव्या दिवशी भांडी घासताना चक्कर येऊन पडली. आणली तेव्हा पांढरी फटक, खांदा दुखतोय म्हणत होती. गर्भ गर्भाशयात न राहता अंडं जिथून येतं त्या नळीत राहिला होता आणि नळी फुटून पोटात रक्त साचलं होतं. ती वाचली, तिच्या नवऱ्याने रात्री एक वाजता तीन माणसं रक्त द्यायला उभी केली म्हणून वाचली. ऑपरेशननंतर दिवस जाणं फार क्वचित होतं, पण गेलेच तर ते नळीत असण्याची शक्यता जास्त असते. एक लघवीची टेस्ट केली असती तर आठ दिवस आधी कळलं असतं.

म्हणून हे लक्षात ठेव, आणि तुझ्या रूममेट्सनाही सांग: रक्त चालू असलं तरी टेस्ट करायची, चालू असतानाही ती बरोबरच येते. टेस्ट पॉझिटिव्ह आणि सोबत रक्त किंवा पोटाच्या एका बाजूला दुखणं असेल तर त्याच दिवशी सोनोग्राफी, उद्या नाही. एकदम कळ आली, चक्कर, घाम, खांद्याच्या टोकाला दुखणं, असं झालं तर १०८ ला फोन, रात्र असो की दिवस, आणि एकटीने रिक्षाने जायचं नाही. आणि टेस्ट काहीही असो, तासाला एक पॅड भिजतोय आणि सलग दोन तास तसंच चाललंय, मोठ्या गाठी जातायत, तर दवाखाना गाठायचा.

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांचंही इथेच सांगून टाकते कारण आता गणपती, गौरी जवळ आल्या की आमच्या ओपीडीत त्यांचीच रांग लागते. नॉरइथिस्टेरॉनच्या त्या गोळ्या बंद केल्या की दोन-तीन दिवसांत रक्त येतं, आणि आठवडाभरात आलंच नाही तर टेस्ट करायची. त्या गर्भनिरोधक म्हणून दिलेल्या नसतात, गोळी चालू आहे म्हणजे दिवस राहणार नाहीत असं समजून बसू नका. पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झालेली असेल तर त्या गोळ्या अजिबात नकोत, आणि अंगावर पाजताय किंवा मायग्रेन आहे तर डॉक्टरांना सांगूनच. देवाला पाळीचं काही वावडं असेल असं मला वाटत नाही पण घरात सासूबाईंपुढे कोणाचं काय चालतं हे मलाही माहीत आहे, म्हणून निदान गोळी विचारून घ्या.

सरकारी दवाखान्यात दिवस राहू नयेत म्हणून मिळणारी छाया गोळी किंवा अंतरा इंजेक्शन घेणाऱ्या बायकांची पाळी तर लांबतेच, कधी महिनोन्‌महिने येत नाही, कधी नुसते डाग पडत राहतात. तांबीवर पाळी जास्त जाते. हे त्या त्या साधनाचं असतं, पण कोणी दोन गोळ्या विसरली, इंजेक्शनची तारीख उलटून गेली, तर परत तेच, टेस्ट.

आणि टेस्ट निगेटिव्ह असून पाळी नेहमीच वेडीवाकडी असेल तर तो वेगळा विषय, पीसीओडी म्हणजे अंडं वेळेवर न सुटणं, थायरॉईड, प्रोलॅक्टिन हे दुधाचं हार्मोन वाढणं, वजन एकदम वाढणं किंवा उतरणं, परीक्षा, नाइट शिफ्ट, खूप कारणं आहेत. २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांच्या पुढे सतत जात असेल, आठ दिवसांपेक्षा जास्त चालत असेल, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधांनंतर रक्त येत असेल तर दाखवायचं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला तरी दाखवायचं, तिथे थांबायचं नाही. फक्त एवढंच सांगते की अंगावरून जास्त जातंय म्हटल्यावर लगेच गर्भाची पिशवी काढून टाकू असं कोणी म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या गेल्या हे २०१९ मध्ये बाहेर आलं, सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. त्यात ऐन तिशीच्या आतल्या बायका होत्या, आणि अशा कितीतरी तक्रारी औषधाने आटोक्यात येतात.

परत तुझ्याकडे येते. समजा १८ ची टेस्ट पॉझिटिव्ह आली. पहिलं, मेडिकलमधून पाळी आणायची गोळी मागायची नाही. ती म्हणजे गर्भपाताची गोळी असते, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, ७२ तासांवाली गोळी वेगळी आणि ही वेगळी, लोक सर्रास घोळ करतात. ही डॉक्टरांनीच द्यायची असते, नऊ आठवड्यांपर्यंत, आणि त्याआधी गर्भ पिशवीतच आहे ना हे बघायचं असतं, कारण नळीतल्या गर्भावर ती चालत नाही आणि रक्त मात्र जातं, म्हणजे बाईला वाटतं झालं मोकळं आणि आत नळी फुगत राहते. कच्ची पपई, तीळगूळ, हळीव, काढे, यांनी काही होत नाही, फक्त दिवस वाया जातात.

दुसरं, कायदा तुझ्या बाजूने आहे. गर्भपाताचा कायदा १९७१ चा, २०२१ मध्ये तो बदलला आणि गर्भनिरोधक फसलं या कारणात जिथे आधी विवाहित स्त्री आणि तिचा नवरा असं होतं तिथे स्त्री आणि तिचा जोडीदार असं आलं. सुप्रीम कोर्टाने २९ सप्टेंबर २०२२ ला अविवाहित मुलींना यात वेगळं काढता येणार नाही असं स्पष्ट सांगितलंय. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. तू १८ वर्षांच्या वर आहेस म्हणजे सही फक्त तुझी, आईवडिलांची नाही, त्या मुलाची नाही. तुझं नाव बाहेर फोडणं हा डॉक्टरांसाठी गुन्हा आहे. आणि गर्भ ठेवायचा की नाही हा निर्णयही तुझाच, कोणी घाई करत असेल, ठेव म्हणून किंवा नको म्हणून, तर दोन दिवस मागून घे. कुठे लग्न झालंय का म्हणून टोमणे मारले, आईला घेऊन ये म्हणाले, तर उठून दुसरीकडे जा. आमच्याच व्यवसायात असं वागणारे आहेत याचं मला मनापासून वाईट वाटतं, मुली या भीतीने तीन-तीन महिने लपवतात आणि मग सगळंच अवघड होऊन बसतं.

डॉक्टरांनी शेवटची पाळी कधी विचारलं की ३ जून सांग, २३ जून नाही. ही एक तारीख चुकली की वीस दिवसांचा फरक पडतो आणि सोनोग्राफीचं सगळं गणित चुकतं. २३ चं रक्त, १७ ची गोळी, १६ आणि २७, सगळं सांग, त्यात लाजण्यासारखं काही नाही, आम्हाला लागतंच ते.

घरी काय सांगू विचारलंस. १८ पर्यंत काहीच सांगू नकोस, अजून सांगण्यासारखं काही झालेलंच नाहीये. पण एकटी राहू नकोस, एक मैत्रीण किंवा बहीण जिच्यावर भरवसा आहे तिला या तारखा सांगून ठेव, पोटात एकदम दुखलंच तर कोणाला तरी माहीत असलेलं बरं. आणि तो मुलगा, त्यालाही १८ तारीख सांग, काळजी काही तुझ्या एकटीच्या वाट्याची नाही.

मध्येच पाळी आली, नेहमीसारखी, नेहमीइतके दिवस, तरी १८ ची टेस्ट कर. तो पहिला दिवस कॅलेंडरवर लिहून ठेव, तिथून पुढचं मोजायचं. तोवर संबंध येणार असतील तर कंडोम, न चुकता. दोन्ही टेस्ट निगेटिव्ह आल्या आणि जुलै संपेपर्यंतही पाळी आली नाही तर जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, एक सोनोग्राफी, थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन बघतील, गरज वाटली तर पाळी यायला पाच-दहा दिवसांचं औषध देतील. आणि पुढे नियमित संबंध राहणार असतील तर त्याच भेटीत रोजच्या गोळ्यांचं किंवा तांबीचं विचारून घे, ही ७२ तासांवाली महिन्यातून दोन-दोनदा घेत राहिलीस तर पाळी अशीच हिंदकळत राहील आणि दर वेळेस हाच कागद परत मांडावा लागेल.